देवी पलंगावर निजते तेव्हा

नवरात्राच्या घटाला माती आपल्याच वावरातली हवी, हा आत्याचा शिरस्ता. शेंद्रा म्हटलं की बाहेरच्या माणसाला चैत्रातली मांगीरबाबाची जत्रा आठवते, नाहीतर मोटारींचे कारखाने आणि ऑरिक सिटी. आमच्या भागातली बरीच काळी जमीन त्या वसाहतीत गेली. उरलाय तो कुंपणाला लागून एक तुकडा. भाद्रपदाच्या अमावास्येला आत्या घमेलं घेऊन तिथेच जाते. एका वर्षी तिचे पाय दुखत होते म्हणून मी नर्सरीतून मातीची पिशवी आणली, तर तिने ती तुळशीत ओतायला लावली. "इकतची माती नगं, बाई. बांधावरची आन, मूठभर का असंना."

मग चाळलेली माती पत्रावळीवर पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवायचा, शेजारी नंदादीप. रोज एक माळ चढते. देवघराच्या सावलीत उगवलेलं धान हिरवं न येता पिवळंजर्द येतं. पाचव्या-सहाव्या माळेपर्यंत ते बोटभर वाढलं की आत्याच्या जिवात जीव येतो.

ज्या देवीसाठी हा खटाटोप, ती तुळजापूरची भवानी. आम्हांला जवळची म्हणजे छत्रपती संभाजीनगर शहरातल्या छावणी भागातली कर्णपुऱ्याची तुळजाभवानी. नवरात्रात उजाडायच्या आधी अनवाणी चालत तिथे जाणाऱ्या बायकांची रांग लागते. कर्णपुरा हे नाव बिकानेरचा राजा करणसिंह याच्यावरून पडलं. मोगलांच्या चाकरीत तो दख्खनेत आला आणि 1669 मध्ये इथेच वारला. पदमपुरा आणि केसरसिंगपुरा ही शेजारची नावं त्याच्या मुलांची, पदमसिंह आणि केसरीसिंहाची. कुठलं वाळवंट आणि कुठली तुळजापूरची आई, पण त्या राजाच्या नावाच्या वस्तीत आज उदो उदो होतो तो भवानीचा. मला ही गोष्ट फार आवडते.

कुलाचारासाठी मात्र मूळ ठाण्यालाच जावं लागतं. आमच्याकडून बीड, येरमाळा, धाराशिव करत अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. येरमाळ्याला येडाई देवीला हात जोडल्याशिवाय आत्या गाडी पुढे जाऊ देत नाही. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरात आहे आणि देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग निंबाळकर दरवाजा. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. बाहेर चिंतामणीचा गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार. माझ्या पुढची बाई हात ठेवून इतका वेळ थांबली की रांग कुरकुरायला लागली. दगड हलला नाही. तिने कपाळ टेकलं आणि पदर सावरत निघून गेली.

इथली मूर्ती चल आहे, म्हणजे तिला सिंहासनावरून हलवता येतं. या ठाण्याचं वेगळेपण मला त्यातच दिसतं. पहाटेच्या चरणतीर्थापासून रात्रीच्या प्रक्षाळापर्यंत तिला उठवणं, न्हाऊ घालणं, नेसवणं, जेवू घालणं चालतं. भारतीबुवांच्या मठात ती सारीपाट खेळायला येते अशी श्रद्धा आहे. आणि वर्षातून तीन वेळा ती सिंहासन सोडून पलंगावर निजते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोर निद्रा, महिषासुराशी लढायच्या आधीची. घटस्थापनेला ती जागी होते. दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा, लढून थकलेल्या बाईची. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. देवीला थकवा येतो हे मान्य करून त्यासाठी पंचांगात दिवस राखून ठेवणारी ही रीत मला कुठल्याही स्तोत्रापेक्षा जवळची वाटते. या दिवसांत तुळजापुरातली कित्येक पुजारी घरं स्वतः गादी-पलंग वापरत नाहीत. आई पलंगावर, लेकरं भुईवर.

तिचा पलंगही तुळजापुरात तयार होत नाही. तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून येतो, पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची. दोन्हींचा मान तेली समाजाकडे आहे. जुन्नर, नगर अशा वाटेने गावोगावच्या खांद्यांवरून, डोक्यांवरून पलंग पायी चालत येतो. वाटेत ज्या गावी तो टेकतो तिथल्या बाया त्याची ओटी भरतात. देवी अजून त्यावर निजलेलीही नसते.

दसऱ्याची रात्र सरताना सीमोल्लंघन होतं. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती 108 साड्यांचं दिंड गुंडाळतात. संबळ कडाडतो, 'आई राजा उदो उदो'चा गजर होतो, कुंकवाची उधळण होते आणि पालखी प्रदक्षिणेला निघते. पिंपळाच्या पारावर थोडी विसावते. तिथून देवी थेट पलंगावर. पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते, तेव्हा सोलापूर आणि कर्नाटकाकडून चालत आलेल्या माणसांनी रस्ते भरून गेलेले असतात.

त्याच दसऱ्याला शेंद्र्यात आमचा घट उठतो. पिवळं धान पुरुषांच्या टोपीत, बायकांच्या अंबाड्यात, उरलेलं दाराच्या चौकटीवर आणि धान्याच्या कोठीवर. पत्रावळीवर राहते ती मुळांनी घट्ट विणलेली मातीची चकती, भाकरीएवढी. आत्या ती मोडत नाही. पौर्णिमेपर्यंत तशीच देव्हाऱ्याखाली झाकून ठेवते, आणि तोवर देवघरात मोठ्याने बोललेलं तिला चालत नाही. देवी सिंहासनावर बसली असं तुळजापूरहून आलेल्या कुणी सांगितलं, की चकती घमेल्यात घालून ती बांधाकडे निघते.