मेरूच्या शिंगांवर हक्क कोणाचा?

आंबोली, दोडामार्ग, फोंडाघाट या पट्ट्यातल्या काही जुन्या घरांत सांबराची, म्हणजे इथल्या माणसांच्या मेरूची, शिंगं पडवीत टांगलेली असतात. खाली मालवणच्या किनाऱ्याकडे यावं, तर तेच सांबरशिंग बोटभर तुकड्याच्या रूपात सहाणेशेजारी सापडतं. आता त्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. अमेरिकेतला शिकारी हरणाच्या शिंगांना टेप लावतो, गुण मिळवतो, प्रमाणपत्र घेतो. हे पाहून आपल्या भिंतीवरच्या जोडीला किती गुण मिळतील, असं कुणालाही वाटू शकतं. या विषयावर गावागावांत ऐकू येणाऱ्या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज : शिंग जितकं लांब, तितका नंबर वरचा.

वस्तुस्थिती : ते मोजणाऱ्याच्या पद्धतीवर ठरतं. लंडनच्या रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या व्यावसायिकाची नोंदवही १८९२ पासून निघू लागली. तिच्यात हरणांच्या शिंगांची बाहेरच्या वळणावरून घेतलेली लांबी महत्त्वाची. अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लबची (स्थापना १८८७) सध्याची पद्धत १९५० सालची आहे. तिच्यात दोन्ही बाजूंच्या मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, ठरावीक ठिकाणचा घेर आणि दोन दांड्यांमधलं अंतर यांची बेरीज होते. नेहमीच्या घडणीच्या शिंगांत डावी-उजवी बाजू सारखी नसेल, तर तेवढे गुण कापले जातात. शिंग वाळताना आकसतं, म्हणून अधिकृत मोजणीआधी ते ६० दिवस वाळू द्यावं लागतं. माप इंचाच्या आठव्या भागापर्यंत घेतात. मात्र ही यादी उत्तर अमेरिकेतल्या मूळच्या प्राण्यांपुरती आहे, तिथे आपल्या सांबराला जागाच नाही. शिवाय या दोन्ही संस्था खासगी आहेत, त्यांचे गुण हा कोणत्याही सरकारचा शिक्का नव्हे.

गैरसमज : शिंगांची मोजणी शिकारीला चिथावण्यासाठीच निघाली.

वस्तुस्थिती : सुरुवातीला हेतू वेगळा होता. मोठे प्राणी संपत चालले आहेत, अशी भीती अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनाच वाटू लागली होती, आणि निदान त्यांची नोंद तरी राहावी, असा विचार होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात १९२२ साली उघडलेला शिंगांचा संग्रह जगातल्या लोप पावत चाललेल्या मोठ्या प्राण्यांच्या स्मरणार्थ होता. पण सर्वांत मोठं डोकं टिपण्याच्या हौसेची किंमतही पुढे मोजली गेली. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन इथल्या रानमेंढ्यांवरचं संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्या शिंगांचे नर वर्षानुवर्षं टिपले गेल्याने पुढच्या पिढ्यांतली शिंगं लहान होत गेली, असं त्यात आढळलं.

गैरसमज : टोकं मोजली की वय कळतं.

वस्तुस्थिती : वाढ पूर्ण झालेल्या सांबर नराच्या प्रत्येक शिंगाला सहसा तीनच टोकं असतात. पुढे वय वाढलं म्हणून टोकं वाढत नाहीत. शिंगाचा आकार वयाबरोबरच खाणं आणि प्रकृती यांवर अवलंबून असतो. वयाचा अंदाज घ्यायला दातांची झीज जास्त उपयोगी पडते. हरणाचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते साधारणपणे दर वर्षी गळतं आणि मखमली कातडीखाली नव्याने वाढतं. सांबराच्या मादीला शिंगं नसतात. गव्याचं शिंग वेगळ्या जातीचं आहे : आत हाड, वर नखासारखं कवच, आणि ते जन्मभर तसंच राहतं.

गैरसमज : शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, म्हणजे मारलेलं जनावर आपलं.

वस्तुस्थिती : सिंधुदुर्गात हा समज सर्वांत घातक ठरू शकतो. शेतीसंरक्षणाचा परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, शिकारीचा नाही. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याखाली शिकारीचे परवाने मिळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही काही प्राण्यांसाठी तशी सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. आता पिकाला धोका असेल, तर कलम ११ खाली अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती घेऊन मारलेला प्राणी आणि त्याची शिंगंही कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता होतात. नेम धरणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

गैरसमज : रानात गळून पडलेलं शिंग उचललं तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत शिंगाचा उल्लेख स्पष्ट आहे. जंगलातून आणलेली शिंगं आणि हाडं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनउपज ठरतात. सरकारी मालमत्ता ठरणारी अशी वस्तू हाती आली, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. रानात पडलेलं शिंग वायाही जात नाही. साळिंदरं आणि उंदीरवर्गीय प्राणी कॅल्शियमसाठी ते कुरतडून खातात. किनाऱ्यावर वाहून आलेल्या व्हेलच्या उलटीचे खटले मालवणकरांना ठाऊक असतील, तीही वन्यजीव संरक्षण कायद्यात मोडते.

गैरसमज : आजोबांच्या वेळचं आहे, त्याला कागद कशाला?

वस्तुस्थिती : कागदावाचून ते आपलं ठरत नाही. १९७२ च्या कायद्यात अशा वस्तू जाहीर करणं बंधनकारक होतं. राहून गेलेल्यांना २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची आणखी एक संधी दिली, ती मुदत केव्हाच संपली. ज्यांनी तेव्हा नोंद केली, त्यांच्याकडे मालकीचं प्रमाणपत्र असतं. अधिकारी घरी येऊन वस्तूंची यादी करतात आणि त्यांवर ओळखखूण घालू शकतात. आपल्याकडे शिंगांची अधिकृत नोंद म्हणतात ती एवढीच. वारसाने मिळालेली वस्तूही ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करावी लागते. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शिकारीची डोकी मांडलेली दिसतात, म्हणून घरोघरी तशी मुभा आहे असं नाही.

गैरसमज : विकलं तर गुन्हा, भेट दिलं किंवा औषधाला वापरलं तर नाही.

वस्तुस्थिती : प्रमाणपत्र असलं तरी विक्री करता येत नाही. वारसाहक्क सोडून दुसऱ्या मार्गाने अशी वस्तू घेणं किंवा ठेवणंही बंद आहे, म्हणजे लग्नातली भेटही त्यात आली. छातीत कफ दाटला की शिंग उगाळून लावण्याची रीत कोकणात जुनी आहे, पण रीत म्हणून कायदा सूट देत नाही. सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा संबंध असेल, तर कैद किमान ३ वर्षं आणि कमाल ७ वर्षं.

मग घरातल्या जोडीचं करायचं काय?

आधी प्रमाणपत्र शोधा आणि ते कोणाच्या नावावर आहे ते पाहा. ती व्यक्ती हयात नसेल, तर वारसाची नोंद झाली आहे का, हे विचारा. कागद असूनही शिंगं नको असतील, तर २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४२-अ नुसार ती स्वेच्छेने वनखात्याला देता येतात. मोबदला मिळत नाही. कागदच नसेल, तर लपवाछपवी किंवा विक्री न करता वकिलाचा सल्ला घ्या आणि वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जा. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. तिथे शिंगांची लांबी नंतर विचारतील, आधी कागद मागतील.