शाळा मुलाच्या दारी

शाळेचे दार सर्वांस उघडे आहे, एवढ्यावरून प्रत्येक मूल शाळेत येते असे नाही. शहरातील गरीब वस्तीत आईबाप सकाळीच कामास निघतात आणि धाकटे भावंड थोरल्या बहिणीच्या कडेवर येते. बांधकामावरील मजुरांचे बिऱ्हाड तर काम संपताच हलते. अशा मुलांना केवळ फी माफ करून भागत नाही. त्यांची खरी अडचण वेळेची, अंतराची व घरकामाची असते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करून, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात असे शिक्षण लागू केले. परंतु कायद्याने हक्क मिळाला, तरी कडेवरचे भावंड खाली उतरत नाही.

त्यावर उपाय शोधला तो ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी काम आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच! पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. त्यामुळे भावंडाला पाळणाघरात ठेवून बहीण वर्गात बसू शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

हेच तत्त्व शहरांतही उपयोगी पडले. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामांवरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे सुरू केली. मुंबईत १९८८ साली ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था निघाली. १९९८ पासून तिची बसगाडी वर्ग होऊन वस्तीवस्तीत जाऊ लागली. अक्षरओळख झाली की मुलांस महापालिकेच्या शाळेत घालावयाचे, हा त्यामागील हेतू.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही. शाळेत कधीच न गेलेल्या मुलास वयाला साजेशा वर्गात घेऊन मागील अभ्यास भरून काढण्याची सोयही कायद्याने सांगितली आहे. दुर्दैवाने, ज्यांच्यासाठी ही कलमे आहेत, त्यांच्याच कानी ती बहुधा पडत नाहीत.

आपल्या पांढुर्णा व सौंसरसारख्या गावांतही रस्त्याचे, इमारतीचे किंवा बागेचे काम निघाले की परगावची कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांना येथील भाषाही पुष्कळदा नवी असते. आम्ही कोंकणी बोलणारे. घरची बोली एक व पुस्तकाची भाषा दुसरी असली म्हणजे पहिले काही दिवस मूल किती मुके होते, हे आम्हांस ठाऊक आहे. अशा वेळी शेजारी बसलेल्या सोबत्याचा एक गोड शब्दही मोठा आधार देतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गल्लीत शाळेच्या वेळी भावंड सांभाळीत बसलेली एखादी मुलगी दिसली, तर घरी आईवडिलांना व शाळेत गुरुजींना अवश्य सांगा. तिच्या आईबापांना कायद्यातील सवलत समजावून द्या, जवळची अंगणवाडी दाखवा. तिच्या कडेवरचे ओझे उतरेल, तेव्हाच तिच्या हाती पाटी येईल.