बिलाला साचा मिळाला, जीआरएनला कधी?

संध्याकाळी भोसरी किंवा चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या मशीन शॉपमध्ये डोकावलात, तर खरी घाई मशीनवर नसते, डिस्पॅचच्या टेबलावर असते. टेम्पो भरून उभा असतो. पण मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर एएसएन, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, भरल्याशिवाय गाडी गेटच्या आत जात नाही. बिल टॅलीत कधीच झालेलं असतं. तरी तोच पीओ नंबर, तोच पार्ट नंबर आणि तेच नग पुन्हा हाताने टाइप करायचे. एका कंपनीला पार्ट नंबरात डॅश हवा, दुसरीला नको. एकीकडे नगाला ‘एनओएस’, दुसरीकडे ‘ईए’. चार गिऱ्हाइकं म्हणजे चार पोर्टल आणि चार पासवर्ड. एक आकडा चुकला की गाडी गेटबाहेर आणि ड्रायव्हरचा फोन सुरू.

या दुखण्यावरचा उपाय पाऊणशे वर्षं जुना आहे. जून 1948 मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनच्या जमिनीवरच्या वाटा रोखल्या. पुढच्या सव्वा वर्षात कोळशापासून पिठापर्यंत वीस लाख टनांहून जास्त माल विमानांनी पोचवला गेला. मालाच्या याद्या मात्र नाना नमुन्यांत आणि नाना भाषांत येत होत्या. एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने टेलेक्सवरून किंवा फोनवरूनही सांगता येईल असा एकच नमुना घालून दिला. त्याच विचारातून अमेरिकेत 1968 साली वाहतूक कंपन्यांची समिती उभी राहिली, 1979 मध्ये एक्स-12 प्रमाणाचं काम सुरू झालं आणि 1987 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं एडिफॅक्ट आलं. मागणीचं शेड्यूल, डिस्पॅचची सूचना, माल मिळाल्याची पोच, बिल अशा प्रत्येक कागदाला त्यात ठरलेला संदेश आहे. वाहन उद्योगाने तो उचलला.

छोटा व्हेंडर मात्र बाहेरच राहिला. संदेश वाहून नेणाऱ्या खासगी नेटवर्कचं भाडं त्याला परवडत नव्हतं. शिवाय प्रमाण एक असलं तरी प्रत्येक कंपनी त्यातली रकानेवारी आपल्या सोयीने वाकवत असे, म्हणजे जोडणीचा खर्च प्रत्येक गिऱ्हाइकामागे नव्याने. कोंडी फोडायला सरकार लागलं. डेन्मार्कने 2005 पासून सरकारी खात्यांना द्यायचं बिल इलेक्ट्रॉनिकच हवं असा नियम केला. छोट्यांनाही पेलेल असा यूबीएल हा खुला साचा 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला.

आपल्याकडे हे काम जीएसटीने केलं. ई-इनव्हॉइसची सक्ती 1 ऑक्टोबर 2020 रोजी 500 कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू झाली आणि पायरीपायरीने 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वरच्यांपर्यंत उतरली. देशभर बिलाचा नमुना एक झाला. सॉफ्टवेअर बिलाची फाइल सरकारी पोर्टलला पाठवतं. पोर्टल ती तपासून 64 अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, आणि सही केलेला क्यूआर कोड परत देतं. अवघ्या तीन वर्षांत शेकडो कोटींच्या कंपनीपासून गाळ्यातल्या शॉपपर्यंत एकच साचा पोचला, हे मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण ही सक्ती कराच्या वसुलीसाठी झाली, म्हणून ती बिलापाशी थांबली. बिलाआधीचं शेड्यूल आणि बिलानंतरचा जीआरएन, म्हणजे माल किती आला, किती पास झाला, किती रिजेक्ट झाला याची नोंद, अजून ज्याच्या त्याच्या पोर्टलमध्येच आहे. व्हेंडरचा पैसा नेमका तिथे अडतो. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, करार काहीही म्हणो, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मालाबद्दल लेखी हरकत घ्यायची तर ती 15 दिवसांत. हे सारे दिवस माल पोचल्याच्या तारखेवरून मोजायचे आणि त्या तारखेची नोंद देणेकऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये. व्हेंडरकडे पुरावा काय? शिक्का मारलेलं चलन, तेही ड्रायव्हरने सांभाळून आणलं तर.

बिलावर लवकर पैसे मिळावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने ट्रेड्स ही व्यवस्था उभी केली. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. तिथेही खरेदीदाराने बिल मान्य केल्याशिवाय पुढचं काही हलत नाही आणि ती मान्यता जीआरएन झाल्याशिवाय मिळत नाही.

एडिफॅक्टमध्ये माल मिळाल्याच्या पोचेचा संदेश तयार आहे, यूबीएलमध्येही आहे. नव्याने शोधायचं काही नाही. वाहन कंपन्यांनी शेड्यूल, एएसएन आणि जीआरएन या तीन कागदांचा एक सामायिक, फुकट वापरता येणारा नमुना मान्य करावा आणि व्हेंडरच्या सॉफ्टवेअरला तो थेट घेता-देता यावा. उद्योजकांच्या संघटनांनी पुढच्या व्हेंडर मीटमध्ये दरवाढीबरोबर ही मागणीही लेखी मांडावी, आणि सुरुवात जीआरएनपासून करावी.