पाखाडीने खाली उतरा

दापोली, गुहागर, राजापूर यांपैकी कुठल्याही भागातल्या जुन्या गावात घर शोधत निघालात की सांगणारा माणूस हमखास म्हणतो, "पाखाडीने खाली उतरा, साकव ओलांडा, मग कोणालाही विचारा." पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली पायऱ्यांची वाट. दोन्ही अंगांना कोरडे रचलेले गडगे, त्यांवर शेवाळ, वर आंबा-फणसाची सावली. घरापासून विहिरीपर्यंत, तिथून ग्रामदेवतेच्या राईपर्यंत आणि पुढे थेट पुळणीपर्यंत अशा वाटांचं जाळंच गावोगाव विणलेलं आहे. किनारा आणि जंगल एकाच चालण्यात दाखवणाऱ्या सोप्या वाटा महाराष्ट्रात कुठे आहेत, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच. त्या नव्याने आखायला नकोत. गावांनी त्या केव्हाच बांधून ठेवल्या आहेत.

तरीही आपल्या भटक्यांचं तिकडे लक्ष नसतं. मराठी भटकंती वाढली ती किल्ल्यांवर आणि घाटवाटांवर. दम लागला नाही, हात खरचटले नाहीत, तर तो ट्रेक कसला, अशी समजूत पक्की झाली आहे. कोकणात माणूस जातो तो गाडीने, मासे खायला आणि वाळूत बसायला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर तस्करांवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यांच्या वाटा होत्या. त्या सांधून तिथे सुमारे 1,014 किलोमीटरची पायवाट उभी राहिली आणि तिच्यावर चालायला जगभरातून लोक येतात. आपल्याकडच्या वाटा पहाऱ्यासाठी नव्हत्या, देवाला आणि बाजाराला जायला होत्या. एवढाच काय तो फरक.

पहिली वाट निवडायची तर आसूदची. दापोलीहून हर्णैकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागतं. रस्ता सोडून पाखाडी उतरू लागलं की दहा पावलांत हवा बदलते. पोफळीची उंच, सरळ खोडं, खाली केळी, झाडांवर चढलेले मिरवेल आणि पाटाने खेळवलेलं पाणी. तळाशी नदी आहे. साकव ओलांडला की समोरच्या चढाच्या पायऱ्या सुरू होतात आणि वर गर्द झाडीत केशवराजाचं देऊळ आहे. डोंगरातलं पाणी दगडी पन्हळीतून आणून गोमुखातून सोडलं आहे. पंप नाही, टाकी नाही. उताराचा अंदाज आणि दगड घडवणारा हात, एवढ्यावर सगळं चालतं. सवय नसलेल्या माणसाचीही ही वाट सावकाश जाऊन-येऊन दोन तासांत होते. श्री. ना. पेंडसे याच परिसरातल्या मुर्डीचे. 'गारंबीचा बापू' वाचलेल्याला इथली बाग पाहिल्याबरोबर ओळखीची वाटते.

या पायऱ्या जांभ्याच्या का, हे चालताना पायाला कळतं. जांभा खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. उघड्यावर पडला की त्यातल्या लोहामुळे कडक होत जातो. शिवाय तो सच्छिद्र. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी पिणारा आणि पावलाला खरखरीत लागणारा दगडच हवा. चिरे मातीत बसवलेले असल्याने एखादा निखळला तर तेवढाच बदलता येतो. काँक्रीटच्या उतारावर पहिल्या पावसानंतर हिरवा थर धरतो आणि म्हातारी माणसं तिथूनच घसरतात, हे गावात कोणीही सांगेल.

आंजर्ल्याची पाखाडी वेगळ्या चवीची. एकेकाळी खाडी तरीने ओलांडायची, आगरांमधून गाव पार करायचं आणि मग कडा चढायचा. आता पूल आहे आणि गाडी थेट कड्यावरच्या गणपतीच्या दारात जाते. माझा सल्ला असा, की गाडी गावातच ठेवावी. मूळ देऊळ किनाऱ्याजवळ होतं, समुद्र पुढे सरकला तसा गणपती कड्यावर गेला, अशी आख्यायिका आहे आणि चढताना त्याने टेकवलेलं पाऊल म्हणून वाटेत एक खूण दाखवतात. वर पोचल्यावर दक्षिणेला हर्णै बंदर आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग एका नजरेत येतो. गाडीतून उतरून हेच दृश्य पाहणारे मोबाइल वर करतात आणि निघतात. चढून आलेला माणूस निदान बसतो तरी.

कडा संपला की सडा. पावसाळा सरताना, भाद्रपद-आश्विनात, या उघड्या कातळावर सीतेची आसवं फुलतात. दिसायला नाजूक जांभळी, पण ही वनस्पती बारीक जीव पकडून खाते, कारण कातळावरच्या चिमूटभर मातीत नत्र फारसं नसतं. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव पायी फिरले, गुराख्यांना विचारत गेले, म्हणून ती मोठ्या संख्येने उजेडात आली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर जवळपास अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या आत इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सडा सपाट, चाल सोपी. त्रास फक्त उन्हाचा. नऊनंतर तिथे उभं राहू नये.

पुळणीवर आणि खडकांवर चालायचं तर आधी पंचांग उघडावं. कोळ्यांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. जागेनुसार थोडं पुढेमागे होतं, पण अंदाजाला पुरेसं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला हा हिशेब जिवाचा आहे. देवळामागून खडकाच्या फटीतल्या पायऱ्या उतरलं की लाटांनी कापलेला सपाट ओटा लागतो. मिठाच्या कणांनी खडकाला पाडलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी इथे हाताने चाचपता येते. मात्र ओट्यावरून माणसं लाटेबरोबर गेल्याच्या घटनाही इथे घडल्या आहेत. पुजारी किंवा गावकरी नको म्हणाले तर तिथूनच परतावं. हुज्जत घालू नये.

घनदाट जंगलच हवं असेल तर मुरूड-जंजिऱ्याजवळचं फणसाड आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान 1986 मध्ये अभयारण्य झालं. गारंबीच्या वेलींच्या हातभर शेंगा आणि शेकरू इथे दिसतात, समुद्र अगदी जवळ असूनही ऐकू येत नाही. वनखात्याच्या नोंदीशिवाय आत जाता येत नाही, इतकं सांगून पुढे जातो.

कोकणात चालणं ही कधी हौस नव्हतीच. धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी दापोलीजवळच्या मुरूडहून साताऱ्याला पायी गेले, भर पावसात, आणि लहान दिसतो म्हणून परत पाठवले गेले. चालावं लागत होतं तोवर वाटा जपल्या गेल्या. आता घरोघरी दुचाकी आहे आणि ती पायऱ्या चढत नाही. म्हणून पाखाडीवर काँक्रीट ओततात किंवा शेजारून रस्ता काढून पाखाडी रानाला देऊन टाकतात. आजारी माणसाला दारात गाडी हवी, याबद्दल माझी तक्रार नाही. पण रस्ता झाल्यावर जुनी वाट मोडायचीच, हा नियम कोणी केला? पाऊस संपल्यावर गावाने मिळून गवत काढायचं आणि निखळलेले चिरे बसवायचे, एवढ्यानेही पाखाडी टिकते.

देवराईच्या बाबतीत हे साधलेलं आहे. देवाची झाडं तोडायची नाहीत एवढ्या एका रिवाजावर जुनी राने टिकली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास मांडल्यावर शहरातल्या लोकांना त्यांचं मोल कळलं. पाखाड्यांची तशी मोजदाद व्हायला हवी : कुठल्या गावात कोणती, कुठून कुठे जाते, कोणत्या स्थितीत आहे. त्याला तज्ज्ञ नकोत. गावच्या शाळेतली पोरं एका सुट्टीत हे करतील.

तुम्ही या सुट्टीत कोकणात जाणारच असाल, तर एक सकाळ वाळूला न देता वाटेला द्या. जाड तळव्याचे बूट, पाणी, टोपी पुरे. खळ्यात कोणी दिसलं तर थांबून विचारा, कारण बऱ्याच पाखाड्या कोणाच्या तरी आगरातून जातात. बेडं उघडलंत तर मागे लावून घ्या, नाहीतर गुरं आत शिरतात. कातळशिल्पावर बुटांनी चढू नका. आणि परतताना ग्रामपंचायतीत डोकावून एवढं सांगा, की तुमची पाखाडी चालायला आलो होतो.