पुढून दादा, मागून अंधार

दसरा झाला की शिरूर कासार तालुक्यातले ट्रॅक्टर ऊसतोडीला बाहेर पडू लागतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत माणसं, भांडीकुंडी, सरपण. बॉनेटवर गोंडे, मडगार्डवर स्पीकरची खोकी, टपाच्या कडेने रंगीत एलईडी पट्ट्या. त्याच रस्त्याने एमएच-२३ पासिंगची एखादी पांढरी स्कॉर्पिओ भर्रकन पुढे निघते. तिला समोर स्टीलचा गार्ड, काचा काळ्या, टायर मडगार्डच्या बाहेर आलेले. कुणी म्हणतं ‘नाद खुळा’, कुणी तोंड वाकडं करतं.

आवडीनिवडीचा वाद मिटणारा नाही. पण गाडी बेढब का होते, याला आवडीपलीकडची कारणं आहेत. ती दोन ठिकाणी बिघडते, कारखान्यात आणि ॲक्सेसरीच्या दुकानात. दोन्हीकडे बहुतेकदा एकच घडतं. एखादा भाग गाडीच्या कामासाठी न राहता भलत्याच कुणासाठी कापला किंवा चढवला जातो.

कराची टेप

कारखान्यात हा ‘भलताच कुणी’ म्हणजे सरकारी कर. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. अट अशी की लांबी ४ मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. कंपन्यांनी लगेच टेप काढली. टाटांनी इंडिगोची डिकी आखूड करून २००८ मध्ये ३९८८ मिलिमीटरची इंडिगो सीएस आणली. २०१२ मध्ये मारुतीची डिझायर ३९९५ मिलिमीटरवर आली. पुढून नेटकी, मागे डिकी मात्र घाईत उरकलेली.

सगळ्यांत ठळक उदाहरण महिंद्राचं. साडेचार मीटरची झायलो मागून अर्ध्या मीटरहून जास्त छाटली आणि २०१२ मध्ये क्वांटो म्हणून उभी केली. तोंड मोठ्या गाडीचं, पाठ लहान गाडीची. प्रमाण जुळणार कुठून? बोलेरोही २०१६ मध्ये ४ मीटरच्या आत आली, पण तिचं बंपरवर भागलं. मुळात ती सरळ रेघांचं खोकं. चार बोटं कमी झाली तरी तिचं काही बिघडलं नाही. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के जीएसटी लागतो, म्हणजे कराची टेप अजून तिथेच आहे.

दुसरं कारण खर्चाचं. दारं, टप, बाजूचा पत्रा ज्या साच्यांत दाबले जातात, ते साचे बनवायला कोट्यवधी रुपये लागतात. जाळी, बंपर, दिवे बदलणं त्या मानाने स्वस्त. म्हणून ‘नवीन मॉडेल’मध्ये बहुधा तोंडच तेवढं नवं असतं. २०१४ च्या स्कॉर्पिओची दारं आणि टप २००२ च्या वळणाचीच राहिली, जाळी आणि दिवे मात्र नव्या जमान्याचे आले. जुन्या वाड्याला समोरून काचेचं शोरूम काढावं, तसा हा प्रकार.

दुकानातली हौस

दुकानात बसवल्या जाणाऱ्या वस्तूंचा हिशेब नुसता दिसण्याचा नाही. आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपावा असाच केलेला असतो. धडकेचा जोर तिथे जिरतो आणि त्या धक्क्यावरून सेन्सर एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवतो. स्टीलचा गार्ड थेट चासीला आवळला की जोर चासीत जातो आणि एअरबॅगचं गणित बिघडू शकतं. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला तर चेपणाऱ्या बंपरऐवजी पोलादी नळी येते. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड रोखायला राज्यांना सांगितलं.

दिव्यांचं तेच. एच-४ हॅलोजन बल्ब हातात धरून पाहा. आत दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी दिसेल. ती प्रकाश रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडू देत नाही, त्यामुळे झोत खाली रस्त्यावर राहतो. रिफ्लेक्टरची सगळी घडण त्या तारेची जागा धरून केलेली असते. त्याच घरात भलता एचआयडी किंवा स्वस्तातला एलईडी कोंबला की उजेडाची जागा सरकते. मग डिपर मारूनही समोरच्याचे डोळे दिपतात. ५५-६० वॅटच्या जागी ९०-१०० वॅटचा बल्ब घातला तर वायरिंग तापतं, होल्डर वितळतो.

नंबरप्लेट हा तर आपला खास मराठी कलाप्रकार. ४१४१ चा ‘दादा’, २१४ चा ‘राम’, ४९१२ चा ‘पवार’. त्यासाठी आधी पसंतीच्या क्रमांकाचे पैसे भरायचे, मग आकडे वाकवल्याचा दंड भरायचा. नियमाला आकडा लागतो तो अपघातानंतर कुणालाही लांबून वाचता यावा म्हणून.

कायदा मोघम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कामाचा बदल

आता परत त्या ट्रॅक्टरकडे पाहू. त्याच्या नाकाडावर लोखंडी वजनं टांगलेली असतात. दिसायला ओबडधोबड. पण उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना पुढची चाकं उचलू लागतात, स्टेअरिंग हलकं पडतं. ती वजनं पुढचा भाग जमिनीला धरून ठेवतात. त्यांना कुणी कुरूप म्हणत नाही, कारण ती कशासाठी आहेत हे बघताक्षणी कळतं.

हौसेला आडकाठी नाही. गोंड्यांनी कुणाचं काही अडत नाही. पण गॅरेजात शिरण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: हे कुणाला दिसावं म्हणून लावतोय? कारण सगळी रोषणाई पुढे असते आणि खरी गरज मागे. रात्री उसाच्या ट्रॉलीला पाठीमागून दुचाकी धडकते, ती ट्रॉली दिसली नाही म्हणून. दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, तरी कितीतरी ट्रॉल्या कोऱ्या पाठीने फिरतात. ज्याला लोकांच्या नजरेत भरायचंय, त्याने पहिली पट्टी तिथे लावावी.