कथा, यंत्र आणि विवेक

इ. स. १९७४ मधील गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. स्पर्धेसाठी आलेल्या कथांत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा होती आणि तिच्या लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या कीर्तीमुळे परीक्षकांचे मन झुकू नये, म्हणून त्यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे टोपणनाव घेतले होते. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून कथेची प्रत त्यांनी आपल्या पत्नीकडून लिहवून घेतली होती.

विज्ञानकथा म्हणजे केवळ अद्भुताची आतषबाजी नव्हे. परीकथेत जादूची कांडी फिरली, की काहीही घडते. विज्ञानकथेत जे घडते त्याला विज्ञानाचा आधार असावा लागतो. कृष्णविवराजवळ काळ मंद गतीने जातो, हे विज्ञान सांगते. तेथून परतलेल्या प्रवाशाला आपले लहान मूल आपल्यापेक्षा वृद्ध झालेले दिसले, तर त्याच्या मनाची अवस्था काय होईल, हे मात्र कथाच सांगू शकते. ‘हे करता येईल काय?’ हा प्रश्न शास्त्रज्ञ विचारतो. ‘हे झाले, तर माणसाचे काय होईल?’ हा प्रश्न कथाकार विचारतो. नवे यंत्र जन्माला येते, तेव्हा हे दोन्ही प्रश्न विचारले जाणे आवश्यक असते.

अशी कथा रचण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत बसावे लागते असे नाही. पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात उधवा हे गाव आहे. या भागात वारली लोकांची वस्ती मोठी आहे. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढून आपले जीवन रेखाटणारे हे लोक. समजा, उधव्यातील एखाद्या मुलीला विज्ञानकथा लिहावयाची आहे. तिने प्रथम एकच नवी गोष्ट कल्पावी : पाऊस नेमका कोणत्या दिवशी पडेल, हे सांगणारे यंत्र गावात आले आहे. बाकी सारे जसेच्या तसे ठेवावे. तीच शेते, तेच राब भाजणे, तीच भाताची लावणी आणि वाऱ्याची दिशा पाहून पावसाचा अंदाज बांधणारे तेच आजोबा.

आता तिने एकेक पाऊल पुढे टाकावे. यंत्र दहादा खरे सांगते. गावाचा त्यावर विश्वास बसतो. हळूहळू आकाशाकडे पाहण्याची कोणाला गरज वाटेनाशी होते. अकराव्या वेळी यंत्र चुकते आणि रोपे करपून जातात. हे नुकसान कोणी सोसावयाचे? यंत्र बनविणाऱ्याने, ते विकणाऱ्याने, की शेतकऱ्याने? ज्याच्याजवळ यंत्राच्या सल्ल्यासाठी पैसे नव्हते, त्याचे काय झाले? येथे लेखिकेने यंत्राला दुष्ट ठरवू नये आणि आजोबांना सर्वज्ञही करू नये. यंत्राने कितीदा पीक वाचविले, तेही तिने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकाच बाजूचे बोलणारी कथा व्याख्यान होऊन बसते.

थोर कथाकारांनी हेच केले. मेरी शेली या इंग्रज लेखिकेने १८१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी लिहावयास घेतली आणि ती १८१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील तरुण शास्त्रज्ञ एका जिवाला निर्माण करतो. पण त्याचे रूप पाहून भयभीत होतो आणि त्याला टाकून देतो. निर्मिती करून जबाबदारी झटकणे, हा त्याचा मोठा अपराध ठरतो. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव आहे. आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव घडविण्याची त्याची इच्छा असते. बळीराजाकडे तीन पावले जमीन मागणाऱ्या वामनाची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला या नावातील इशारा कळतो : लहान दिसणारी मागणी किती मोठी होईल, याचा विचार देण्यापूर्वीच करावा लागतो.

आज हा प्रश्न कथालेखकाच्या दारातच येऊन उभा राहिला आहे. २०२२ च्या अखेरीपासून, सांगताच कथा लिहून देणारी संगणकयंत्रे सामान्य माणसाच्या हाती आली. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर अभ्यासून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द शोभेल, हे ही यंत्रे ठरवितात. त्या मजकुराच्या अनेक लेखकांची संमती कोणी विचारली नव्हती. शब्दाचा अर्थ विचारण्यासाठी किंवा शंका फेडून घेण्यासाठी अशा यंत्राचे साहाय्य घेण्यात गैर नाही. पण यंत्राने लिहिलेली कथा स्वतःची म्हणून स्पर्धेत पाठविली, तर काय होईल?

नारळीकरांनीही स्पर्धेत आपले नाव लपविले होते. परंतु त्यांनी ते स्वतःचा लाभ टाळण्यासाठी लपविले. कथा मात्र त्यांची स्वतःची होती. येथे नाव खरे असते आणि कथा दुसऱ्याची. परीक्षक कदाचित फसतील, पारितोषिकही मिळेल; पण करपलेल्या रोपांकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात शिरण्याचे जे शिक्षण कथा लिहिताना मिळते, ते मात्र हातचे जाईल. यंत्र कसे वापरावे, हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. ते केव्हा बाजूला ठेवावे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.