पोत आणि मोजमाप

रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाचा पोत बोटांनाही कळतो. लांबी मात्र मोजपट्टीच ठरविते. हाडांच्या ठिसूळपणाचेही तसेच आहे. पोटाच्या विकारासाठी काढलेल्या सी.टी. चित्रात कमरेचा पहिला मणकाही येतो. त्याची घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाण्याचा अंक शून्य. २०१३ मधील एका अमेरिकन अभ्यासात १६० ही मर्यादा धरता ठिसूळ हाडांचे शंभरांतील सुमारे नव्वद रुग्ण ओळखले गेले; परंतु निर्दोष हाडांची पुष्कळ माणसेही त्यांत सापडली. ११० च्या खाली संशय बळावतो. शिरेतून दिलेल्या औषधाने हा अंक वाढतो. म्हणून निदान डेक्सा तपासणीने पक्के करून घ्यावे. तथापि घरातील वडीलधाऱ्यांचे असे चित्र कपाटात असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य दाखवावे. हाड मोडण्यापूर्वीच सावध होता येईल.